‘शांत’ लिहिलेली गल्ली

सिऊ-गीम वन्सं कामावर निघायच्या आधी घरात कुणी शेंगा फोडायच्या नाहीत, भांडं आपटायचं नाही, टीव्ही लावायचा नाही, हा नियम माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा. कान तयार करायचे असतात, असं त्या म्हणत. या माझ्या थोरल्या नणंदबाई. पाणी खात्यात गळती शोधण्याच्या कामाला. सगळा डोंगर झोपला की हातात पोलादी कांडी घेऊन बाहेर पडायचं, रस्त्यातल्या झडपांची झाकणं उचलायची, कांडीचं एक टोक नळावर टेकवायचं आणि दुसऱ्या टोकाची लाकडी वाटी कानाला लावून उभं राहायचं. नळ कुठे फुटका असेल तर जमिनीखालून बारीक सूं-सूं आवाज येतो. तो ऐकू आला की खडूने फुली, नाही आला की वहीत एक शब्द, ‘शांत’. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच केलं.

मीही रोज वही लिहिते. चांद्र तिथी, माचो या समुद्रदेवीपुढे काय ठेवलं, पाऊस होता का, घरात कोण आजारी, एवढंच. वन्संचं नाव तिच्यात फार येत नसे, कारण त्या सकाळी सातला येऊन झोपत आणि दुपारी उठून मला नावं ठेवत. पण या उन्हाळ्यात जे झालं ते चार ओळींत मावणारं नाही, म्हणून सवडीने सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

आमचे सासरे पाणी खात्यात झडपवाले होते. आमचे हे फार उशिरा झाले, त्यामुळे सासऱ्यांबरोबर हिंडायला घरात एक वन्संच होत्या. दहा-अकरा वर्षांची पोर बापाच्या मागे झडपेची किल्ली वाहत फिरे. सासरे गेल्यावर वन्सं खात्यात नोकरी मागायला गेल्या, तेव्हा तिथले साहेब हसले म्हणे.

“बाईमाणूस रात्री रस्त्यावर कांडी घेऊन? लोक काय समजतील?”

वन्संनी विचारलं, “साहेब, तुमच्या मागच्या मोरीतला उजवीकडचा नळ कधीपासून गळतोय?”

साहेब उठून बघून आले. नळ गळत होता. नोकरी मिळाली.

पुढे एक स्थळही आलं होतं. मुलगा बंदरात कामाला, दिसायला बरा. पण तो घोरतो असं कुणीतरी सांगितलं आणि वन्संनी नकार कळवला. “कान मला पोसतो,” त्या म्हणाल्या, “नवरा पोसेल की नाही कुणी सांगावं?” माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण माडीवरच्या त्यांच्या खोलीतून अजूनही ओरडा येई, “आ-हुई, तांदूळ धुतेस की नदी सोडलीस?” दिवसा झोपायचं म्हणून त्या खोलीच्या खिडक्यांना त्यांनी गोधड्या ठोकल्या होत्या. आत गेलं की आपला श्वाससुद्धा मोठा वाटे.

आमच्या घराखालच्या गल्लीला दीडशे दगडी पायऱ्या आहेत. गल्ली डोंगराच्या अंगाने जाते. तिच्या खालच्या अंगाला जुनी दगडी भिंत, दोन मजले उंच, आणि भिंतीच्या पायथ्याशी अकरा घरं. पाण्याचा मोठा नळ पायऱ्यांखालून, म्हणजे भिंतीच्या अगदी मागून जातो. वर्षाच्या पहिल्या महिन्यात वन्संनी ही गल्ली ऐकली आणि वहीत लिहिलं, ‘शांत’.

तिसऱ्या महिन्यात, देवीच्या जन्मतिथीच्या आठ दिवस आधी, त्या भिंतीतून झरा फुटला.

दोन दगडांच्या फटीतून, करंगळीएवढा. भिंतीला लागून छुआ आजींचं घर. त्यांनी फटीत बांबूची पन्हळ बसवली. पाणी स्वच्छ आणि थंड. आमच्या गावात नऊ महिने पाऊस, सगळ्या भिंती कायम ओल्या, त्यामुळे ओल्या भिंतीकडे कुणी बघत नाही. पण झरा वेगळा, आणि तोही देवीच्या तिथीच्या तोंडावर. त्या दिवशी मी वहीत लिहिलं, ‘देवीने पाणी दिलं.’ गल्लीतल्या बायकांना सांगत सुटले तीही मीच. त्या दिवसापासून देवीचा सकाळचा चहा त्याच पाण्याचा. बायका बाटल्या घेऊन रांगेत उभ्या राहू लागल्या.

कुणीतरी पाणी खात्याला फोन केला. खात्याचे को साहेब आले. पस्तिशीचा माणूस, कायम घाईत, पण वन्संशी अदबीने बोलणारा. त्यांनी पाण्यात कागदाची पट्टी बुडवली. तिचा रंग बदलला नाही. “क्लोरीन नाही,” साहेब म्हणाले, “म्हणजे नळाचं नाही. डोंगराचं पाणी आहे, खुशाल प्या.” आम्हाला ते आधीच माहीत होतं.

मग पाऊस गेला. पाचवा महिना कोरडा, सहावाही कोरडा. इथली छत्री वाळते म्हणजे काय ते इथल्यालाच कळेल. धरणाचा तळ दिसू लागला आणि वरून खात्याला हुकूम आला की गळती कमी करा, कशी ते तुम्ही ठरवा. झरा मात्र थांबला नाही. पंचेचाळीस दिवस पावसाचा थेंब नाही आणि पन्हळ चालू. बायका तिला लाल फीत बांधून गेल्या.

त्याच दिवसांत एका दुपारी को साहेब नकाशा घेऊन आमच्या घरी आले. मी समुद्री शेवाळाचं थंड सरबत पुढे ठेवलं.

“गीम-ताई, आपण वर शंभर बादल्या चढवतो,” ते म्हणाले. “लोकांच्या मीटरांत एकोणसत्तर उतरतात. वरचे विचारतात, एकतीस कुठे गेल्या? मी काय सांगू, माकडं प्यायली?”

“माकडं इतकी पीत नाहीत. नळ बदला. माझ्या बापाच्या हातचे आहेत ते.”

“नळ बदलायचे तर डोंगरभर पायऱ्या उखडायच्या. दोन वर्षं जातील. एकेक गळती शोधायची तर ऐकणाऱ्या तुम्ही एकट्या आणि गल्ल्या दोनशे. त्यापेक्षा खाली एक झडप बसवून या बाजूचा दाब उतरवला तर दुसऱ्या दिवशी आकडा खाली येतो. भोक तेवढंच, पण जोर कमी तर पाणी कमी.”

“भोक राहतंच की.”

“राहू दे ना. आज धरण वाचवायचंय.” साहेबांनी नकाशावर आमच्या गल्लीवर बोट ठेवलं. “आणि ही गल्ली तर तुमच्याच वहीत शांत आहे. इथला नळ बदला म्हणालो तर मला हसतील.”

वन्सं नकाशाकडे बघत होत्या. “मग उतरवू ना दाब?” साहेबांनी विचारलं तेव्हा त्यांनी उजवा कान पुढे केला. “लिहिलंय ते लिहिलंय,” एवढंच म्हणाल्या.

दाब उतरवला. आठवड्याभरात एकतीसचे चोवीस झाले. साहेब अननसाच्या वड्यांचा डबा देऊन गेले. वन्संनी एकही वडी खाल्ली नाही. गोड बाधतं म्हणाल्या.

त्याच सुमारास झरा बारीक झाला. करंगळीएवढी धार दोऱ्याएवढी झाली. मयताच्या घरून आलेलं कुणीतरी आंघोळ न करता पाणी भरून गेलं असणार, असं छुआ आजी म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं.

सातवा महिना लागला. हा महिना आमच्याकडे भल्या भावांचा, म्हणजे ज्यांना घर नाही, पिंड नाही, अशा मेलेल्यांचा. त्यांचं नाव कुणी सरळ घेत नाही. या महिन्यात कुणी जमीन खणत नाही, घर हलवत नाही, तान्हं मूल उंबऱ्याबाहेर काढत नाही. दारोदार जेवण मांडतात, उदबत्त्या लावतात आणि अंधार पडायच्या आत घरात येतात.

महिन्याच्या नवव्या दिवशी सकाळी मी देवीपुढचे पेले विसळत होते. तीन पेल्यांच्या तळाला पिवळसर गाळ बसला होता. बोट फिरवलं तर खरखरीत. आदल्या दिवशीही होता, पण तेव्हा मला तो चहाचा वाटला होता. या वेळी पेल्यात चहा नव्हता, नुसतं झऱ्याचं पाणी होतं.

पेला घेऊन मी आत आले. वन्सं टेबलाशी पेपर वाचत होत्या. त्यांच्यापासून हातभरावर शेगडीवर किटली होती आणि तिची शिट्टी इतकी जोरात वाजत होती की माझ्या दाढा दुखल्या. वन्संनी पान उलटलं.

मी गॅस बंद केला.

“वन्सं, किटली.”

“कुठली किटली?” त्यांनी वर पाहिलं. मग शेगडीकडे. मग माझ्या तोंडाकडे. पेपरची घडी घातली आणि बराच वेळ ती नखाने दाबत बसल्या.

“कधीपासून?” मी विचारलं.

“आधी किडे गेले,” त्या म्हणाल्या. “उन्हाळ्यात झाडांवर ओरडतात ते. तीन वर्षांपूर्वी मला वाटलं, यंदा किडे कमी झाले. मग सायकलची घंटा गेली. जाड आवाज अजून येतात. तू बोलतेस ते कळतं. उंच असतात तेवढे जातात.”

“मग कांडीवर?”

“लहान भोकातून जोराने पाणी सुटलं की ते उंच आवाजात बोलतं, आ-हुई.”

मी पेला पुढे केला. त्यांनी गाळ चिमटीत घेऊन चोळला, जिभेला लावला आणि थुंकला. त्यांच्या चेहऱ्यावर असं भय मी कधी पाहिलं नव्हतं. भर रात्री स्मशानाच्या बाजूने एकटी कामाला जाणारी ही बाई.

“झरा बारीक झाला तो दिवस तुझ्या वहीत आहे का?”

होता. सहाव्या महिन्याची पौर्णिमा, देवीला फळं ठेवली, झरा आटू लागला, सगळ्यांना वाईट वाटलं. वन्संनी भिंतीवरच्या कॅलेंडरची फाडलेली पानं मागितली. मी ती कोऱ्या बाजूवर वाणसामानाच्या याद्या करायला ठेवते. पौर्णिमेचं पान सापडलं. चार ऑगस्ट.

“चार ऑगस्टला सकाळी दाब उतरवला,” वन्सं म्हणाल्या. “मी तिथे उभी होते.”

देवीचं म्हणून जे पाणी मी अधिक महिना धरून पाच महिने देवीलाच पाजत होते, ते आमच्या फुटक्या नळाचं होतं. आणि ते येताना भिंतीच्या पोटातली माती घेऊन येत होतं, रोज तीन पेल्यांच्या तळाला बसेल एवढी, रोज किती बाटल्यांच्या तळाला बसेल एवढी. मला सगळ्यात आधी आठवलं ते छुआ आजींचं स्वयंपाकघर. त्याची मागची भिंत म्हणजे तीच भिंत. आजींचा मुलगा बोटीवर असतो. घरात आजी आणि सून पेईयिन. पेईयिनला बाळंत होऊन एकोणीस दिवस झाले होते. तिळाच्या तेलातल्या आल्याच्या कोंबडीचा वास दिवसभर गल्लीत दरवळत असे. त्या स्वयंपाकघराला लागूनच तिची खाट.

“पुन्हा ऐकून खात्री नाही का करता येणार?” मी विचारलं. “दुसरं कुणी ऐकेल.”

“दाब उतरलाय. आता नळ कुजबुजतो, जमिनीवर काही येत नाही. त्याला बोलतं करायचं तर दाब पुन्हा चढवायला हवा.” त्या थांबल्या. “आणि आत पोकळ झालं असेल तर तेवढ्यानेच भिंत बसेल.”

रेडिओवर तेव्हाच सांगत होते की दक्षिणेकडून वादळ निघालंय, तीन दिवसांत पोचेल, पाऊस मोठा आहे. अख्खा उन्हाळा ज्या पावसासाठी नवस बोललो, त्याचं नाव ऐकून मी रेडिओ बंद केला.

त्या दिवशी वन्सं जेवल्या नाहीत. संध्याकाळी आमचे हे आले, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “ताई, निवृत्तीला दोन वर्षं राहिली. आता कान गेला म्हणालीस तर मागचं सगळं खोटं पाडतील. डोंगर आपोआपही खचतो. इथे दर वर्षी कुठे ना कुठे खचतोच.”

“हो,” वन्सं म्हणाल्या, “दर वर्षी खचतो.” एवढं बोलून त्या वर गेल्या. मी देवीपुढे बसले, पण काय मागायचं ते सुचेना. आजवर वन्संचे कान शाबूत ठेव म्हणून रोज हात जोडले होते.

सकाळी त्या माझ्या आधी तयार होत्या. खात्याचा निळा अंगरखा घातला होता.

“चल माझ्याबरोबर. तो को हळू बोलतो. मला कळलं नाही तर तू सांग.”

ऑफिसात को साहेब वादळाच्या तयारीत होते. वन्संनी उभ्या उभ्या सांगितलं. माझा कान तीन वर्षांपासून गेलाय, मी लपवलं, गल्लीला ‘शांत’ लिहिलं ते खरं नसावं, झरा आपल्या नळाचा आहे. आवाज चढा लागला होता, स्वतःचा आवाज त्यांना नीट कळत नसणार. बाजूच्या टेबलांवरची माणसं लिहायची थांबली.

साहेबांचा चेहरा उतरला. “पण मी पट्टी बुडवली होती ताई. क्लोरीन नव्हतं.”

“माती क्लोरीन खाते. दहा हात माती खाऊन आलेलं पाणी ते, त्यात काय उरणार?”

“मग काय करू? खणू? सातव्या महिन्यात एक मजूर कुदळ उचलणार नाही. दाब चढवून बघू?”

“दाबाला हात लावू नका. गल्लीच्या डोक्यावरची झडप पूर्ण बंद करा. गच्चीवरच्या टाक्यांत लोकांना दिवसभर पुरेल. झरा आटला तर नळाचा, नाही आटला तर डोंगराचा.”

साहेबांनी टोपी घेतली. जाताना माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “चोवीसचा आकडा मी काल वर पाठवला हो.” हे मी वन्संना सांगितलं नाही.

आम्ही झडपेपाशी पोचायच्या आत बातमी पोचली होती. छुआ आजी पायऱ्यांवर आडव्या बसल्या होत्या, मागे आठ-दहा बायका.

“देवीचा झरा बंद करायला कुणाला विचारलंत?” आजी म्हणाल्या. “आणि याच महिन्यात? आ-हुई, तूच आणलास ना झरा? आता तूच गळा दाबायला आलीस?”

मी वन्संच्या मागे सरकले.

“आजी, झरा नाही तो. नळ आहे,” वन्सं म्हणाल्या.

“तू गप्प बस. आयुष्यात देवळाची पायरी चढली नाहीस. कौल लावू. देवीने हो म्हटलं तर खुशाल बंद करा.”

देऊळ गल्लीच्या तोंडाशीच आहे. सगळे आत गेले. कौलाचे दोन ठोकळे असतात, चंद्रकोरीसारखे, एक बाजू सपाट, एक गोल. एक सपाट आणि एक गोल पडला तर देवीचा होकार. दोन्ही गोल वर आले तर नकार. आजींनी ते कपाळाला लावून विचारलं, “आई, तुझा झरा बंद करू का?” दोन्ही गोल. पुन्हा विचारलं. पुन्हा दोन्ही गोल. तिसऱ्यांदाही तेच. बायकांनी हात जोडले. को साहेबांनी हातातली झडपेची किल्ली भिंतीला टेकवून ठेवली. सगळी गल्ली अंगावर घ्यायची त्यांची तयारी नव्हती, आणि खरं सांगायचं तर देवीलाही ते भीत होते. मीही भीत होते. आई नाही म्हणते आहे, आणि भिंतीआड माती वाहते आहे, आणि दोन्ही खरं असेल तर माणसाने जायचं कुठे?

तेव्हा वन्संनी खाली वाकून ठोकळे उचलले. गुडघे टेकले. त्यांना ते नीट धरताही येत नव्हते.

“मला विचारायची रीत येत नाही,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “बंद करू का, असं मी विचारत नाही. हे पाणी तुझं आहे का? तेवढं सांग. तू बोललीस तर मला ऐकू यायचं नाही, पण दिसतं अजून.”

ठोकळे टाकले. दोन्ही गोल. म्हणजे नाही.

एकसारखा तीनदा पडला तरच कौल पक्का, हे वन्संनाही माहीत होतं. दुसऱ्यांदा टाकले. दोन्ही गोल. तिसऱ्यांदा एक ठोकळा लगेच पडला, गोल वर. दुसरा घरंगळत चौरंगाखाली गेला आणि तिथे डुगडुगत राहिला. छुआ आजी पालथ्या होऊन बघायला गेल्या. त्या उठल्या तेव्हा त्यांचं तोंड सुकलं होतं.

“गोल,” आजी म्हणाल्या. “तिचं नाही म्हणते.”

आणि थोड्या वेळाने, दाराकडे जाता जाता, “मग कुणाचं आहे ग बाई?”

दहा वाजता को साहेबांनी झडप बंद केली. वन्संनी पन्हळीसमोर स्टूल मांडलं आणि बसल्या. धार चालूच होती. अकरा वाजले. बारा. बायका आळीपाळीने येऊन बघून जात. एकजण म्हणाली, “बघा, डोंगराचंच आहे.” माझ्या मनात आलं, असू दे, डोंगराचंच असू दे. वन्सं खोट्या ठरू देत, हसू देत सगळे त्यांना.

एकच्या सुमाराला धार तुटली. थेंब पडू लागले.

“पडतंय का अजून?” वन्संनी विचारलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ऊन असेल.

“पडतंय, पण लांब लांब.”

दोन वाजून वीस मिनिटांनी शेवटचा थेंब पन्हळीच्या टोकाला लोंबला आणि तिथेच राहिला.

वन्सं उठल्या, भिंतीला दोन्ही तळवे टेकवले आणि डोकंही टेकवलं. तेवढ्यात मला आवाज आला. आतून, खोल, तांदळाचं पोतं जमिनीवर टाकल्यासारखा. वन्संना तो ऐकू आला नसेल, पण त्यांनी हात झटकन मागे घेतले.

“हातांना लागलं,” त्या म्हणाल्या. “आत काहीतरी बसलं. पाणी होतं तोवर तेच आधार देत होतं. बाळंतिणीला हलवा. आत्ता.”

“वीस दिवसांची ओली बाळंतीण?” छुआ आजी म्हणाल्या. “वारा लागला तर जन्माची दुखणी लागतील. आणि पोराला या महिन्यात उंबऱ्याबाहेर? कोण बघत असेल त्याच्याकडे?”

“आजी, माझा कान गेला म्हणून तुमच्या पाठीशी ही भिंत अशी झाली. मी पाया पडते तुमच्या.”

वन्संनी खरंच पाय धरले. आजी गडबडल्या. त्यांनी पाय सोडवून घेतले, आत गेल्या आणि कपाटातून लाल दुपटं काढलं. पेईयिनला डोक्यापासून पायापर्यंत रजईत गुंडाळली. आजींनी बाळाच्या कपाळाला काजळी लावली, वर छत्री धरली, आणि पायऱ्या चढताना सारखं मोठ्याने म्हणत राहिल्या, “किती कुरूप, किती काळं, असलं कोण नेतं.” कुणी अदृश्य ऐकत असेल त्याने ऐकावं म्हणून. पेईयिन रडत होती. को साहेब मागून कोंबडीचं पातेलं घेऊन येत होते.

वारा कुठे नाही अशी खोली आमच्या घरात एकच, वन्संची. गोधड्या ठोकलेली. तिथेच बाळंतिणीची खाट मांडली. को साहेबांनी बाकीची दहा घरं संध्याकाळपर्यंत शाळेत हलवली. काहीजण कुरकुरले, एकाने तर साहेबांना तोंडावर सांगितलं की वादळात भिंत उभी राहिली तर तुमचं काही खरं नाही.

भिंत उभी राहिली नाही. वादळाच्या पहिल्या सकाळी, अजून पावसाचा जोरही नव्हता, तेव्हाच मधून सात-आठ हात कोसळली. छुआ आजींचं स्वयंपाकघर आणि खाटेची जागा दगडांखाली गेली. पाऊस ओसरल्यावर आम्ही वरून पाहिलं. भिंतीमागे एक लहानसं देऊळ मावेल एवढी पोकळी होती. तिच्या छतासारख्या पायऱ्या वर नुसत्या लटकलेल्या, ज्यांवरून आम्ही रोज बाटल्या घेऊन उतरत होतो. मधोमध नळ हवेत आडवा. त्याला भोक होतं काडीच्या टोकाएवढं. को साहेबांनी ते दाखवलं तेव्हा वन्संनी फार वेळ पाहिलं नाही. वर येऊन त्यांनी गेल्या तीन वर्षांच्या सगळ्या वह्या काढल्या आणि जमिनीवर पसरल्या.

तीन वर्षांत त्यांनी त्रेपन्न गल्ल्यांना ‘शांत’ लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी को साहेब आले. खात्याने वन्संना ऐकण्याच्या कामावरून काढलं होतं, तो कागद द्यायचा होता. पण साहेब लगेच उठले नाहीत. आता एक यंत्र मागवलंय, ते नळावर ठेवलं की पडद्यावर रेघ उठते, असं त्यांनी सांगितलं. सगळ्या दोनशे गल्ल्या एका वेळी होणार नाहीत. जिथे गळती जास्त असेल तिथून सुरुवात करू, म्हणजे आकडा लवकर उतरेल.

“नाही,” वन्सं म्हणाल्या.

“काय नाही, ताई?”

“पाणी किती जातं ते मागून बघा. आधी ज्या नळाखाली भिंत आहे आणि भिंतीखाली माणसं निजतात, तो. मग ज्याच्याखाली नुसता रस्ता आहे तो. आणि ज्या गल्लीला मी ‘शांत’ लिहिलंय तिथे ऐकून होईपर्यंत दाब उतरवू नका. मुका नळ मला नको.”

साहेब कागदाच्या मागे लिहून घेत होते. “आकडा वर्षभर असाच राहील मग.”

“राहू दे.”

“वरचे मला विचारतील.”

“माझं नाव सांगा. मी तशीही कामावरून गेलेय.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी दुसरा कागद काढला. निम्म्या झडपांची झाकणं डांबराखाली गेली आहेत, नकाशात दाखवलेल्या जागी नाहीत, त्या कुठे आहेत ते फक्त वन्संना माहीत, म्हणून जागा दाखवण्यापुरतं त्यांनी बरोबर यावं, असं त्यात होतं. वन्संनी सही केली.

तेव्हापासून दोघं रोज जातात. मधून मधून मीही डबा घेऊन जाते. भांडं आपटायचं नाही हा घरचा नियम आता उरला नाही, पण कुणी आपटत नाही. छुआ आजी आणि पेईयिन अजून आमच्याकडेच आहेत. बाळ रात्री रडतं. वन्संना ते कळत नाही, तरी दर अर्ध्या तासाने उठून त्या आमच्या घराच्या मागच्या भिंतीला तळवा लावून येतात. त्यांच्या पावलांनी मी जागी होते आणि त्या परत येईपर्यंत श्वास धरून पडून राहते.

आज त्रेपन्नांतली सतरावी गल्ली होती, खाली बालवाडी आहे ती. मी डबा घेऊन पोचले तेव्हा को साहेब झडपेशी वाकून पडद्याकडे बघत होते.

“सपाट आहे ताई,” ते म्हणाले. “शांत.”

वन्संनी वही उघडली नाही. त्या खालच्या भिंतीकडे बघत होत्या. भिंत ओली होती, पण सकाळपासून पाऊस होता, सगळ्याच भिंती ओल्या होत्या. बालवाडीतून पोरांचा गलका येत होता.

“पुन्हा लावा,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी पुन्हा लावलं. सपाट.

“चार पायऱ्या खाली अजून एक झडप आहे. तिथे लावा.”